वरिष्ठ पंचायतीची सात वर्षे

दादरा आणि नगर हवेलीचा कारभार २ ऑगस्ट १९५४ पासून ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत सिल्वासातूनच चालला. पोर्तुगीज गेले होते आणि भारत सरकार अजून अधिकृतपणे आले नव्हते. मधल्या सात वर्षांत तिथे प्रशासक होता, गावपंचायतींवर एक वरिष्ठ पंचायत होती, महसूल गोळा होत होता, टपालही चालत होते. सुरुवातीला टपालाची तिकिटे नव्याने छापायला वेळ नव्हता. मग पोर्तुगीज इंडियाच्या शिल्लक तिकिटांवरच ‘लिबरेटेड एरियाज’ असा शिक्का छापला गेला आणि ती चालवली गेली. संग्राहकांकडे आजही ती सापडतात. खाली पोर्तुगालची मूळ छपाई आणि वर इंग्रजी अक्षरे, असा तो मामला. मराठी, गुजराती, वारली बोलणाऱ्या प्रदेशाच्या पहिल्या स्वतंत्र तिकिटावर या तिन्हींपैकी एकही भाषा नव्हती.

आपल्याकडे या मुक्तीसंग्रामावर बरेच लिहिले गेले आहे. पण बहुतेक लेख २ ऑगस्टला तिरंगा फडकवून संपतात आणि पुढची सात वर्षे दोन ओळींत उरकली जातात. मला ही सात वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. मी परंपरावादी माणूस आहे. सत्ता जितकी गावाजवळ तितकी ती शहाणी, आणि एकदा दूर गेलेली सत्ता सहसा परत येत नाही, हा माझा जुना समज. नगर हवेलीच्या इतिहासात त्याला पुरावा सापडतो, आणि एका ठिकाणी चपराकही बसते. दोन्ही सांगायला हवे.

सुरुवात पेशवाईपासून करावी लागते. १७७९ साली नाना फडणवीस इंग्रजांशी झुंजत होते. वडगावला इंग्रजांची नाचक्की त्याच वर्षाच्या जानेवारीत झाली होती, पण युद्ध संपले नव्हते. अशा वेळी गोव्याचा पोर्तुगीज आपल्या बाजूला नसला तरी निदान इंग्रजांच्या बाजूला जाऊ नये, एवढा हिशेब पुण्याने केला. पूर्वी मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज निकामी केले होते, त्याच्या भरपाईचे भिजत घोंगडेही पडून होते. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात दमणजवळच्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना द्यायचे ठरले. नगर हवेलीची गावे प्रत्यक्षात १७८३ साली हाती पडली आणि दादरा त्यानंतर दोन वर्षांनी. दोन्ही मिळून बहात्तर गावे. दादऱ्याची तीन गावे एका बाजूला, बाकीची नगर हवेलीत, आणि मधे परका मुलूख.

पुण्याने वसूल दिला होता, राज्य दिले नव्हते. सरंजाम म्हणून दिलेले गाव धनी काढून घेऊ शकतो, हे त्या काळी शेंबडे पोरही जाणत होते. पण १८१८ ला धनीच गेला. नव्या इंग्रज धन्याला या बहात्तर गावांत रस नव्हता आणि पोर्तुगीज तिथे राजासारखे वागू लागले, तरी त्याने हरकत घेतली नाही. सव्वाशे वर्षे कोणी विचारले नाही की सवयीचा हक्क होतो. १८८५ साली सिल्वासा हे मुख्य ठाणे झाले आणि त्याला ‘विला द पासो द आर्कोश’ असे भारदस्त नाव देण्यात आले. लोक सिल्वासाच म्हणत राहिले.

१९५४ च्या उन्हाळ्यात या भागात बरीच वेगवेगळी माणसे फिरू लागली. कोणी मुंबईतल्या बँकेत काम करणारे गोवेकर होते, कोणी पुण्याचे संघ स्वयंसेवक, कोणी आझाद गोमंतक दलाचे सशस्त्र तरुण. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांनी वाटा, नदीचे उतार, चौक्यांची जागा हे सगळे आधी हिंडून पाहिले होते. सुधीर फडके या कामात होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गायले. ‘बाबूजीं’ची, म्हणजे फडक्यांची, गाणी ऐकत वाढलेल्या पिढीला हा माणूस पावसाळ्यात बंदूकधाऱ्यांच्या सोबतीने सरहद्द ओलांडत होता, हे ऐकून आजही नवल वाटते.

पहिला घाव दादऱ्यावर पडला, २१ आणि २२ जुलैच्या रात्री. फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने तिथली पोलीस चौकी घेतली. त्या झटापटीत फौजदार अनिसेतो दो रोझारिओ मारला गेला. जयंतीभाई देसाईंच्या हाती दादऱ्याच्या पंचायतीचा कारभार आला. त्याच दिवसांत भारत सरकारने दमणहून या भागात जाणारी पोर्तुगीजांची वाट बंद केली. पाच-सहा दिवसांनी दमणगंगेपलीकडचे नरोली पडले. उरले सिल्वासा. तिथे कप्तान फिदाल्गो शंभर-दीडशे पोलिसांसह बसला होता. दमणहून कुमक येण्याची आशा संपलेली, नद्या भरलेल्या, सरहद्दीवर जे. डी. नागरवालांचे राखीव पोलीस. मुंबई राज्यात तेव्हा मोरारजीभाईंचे सरकार होते. या पोलिसांनी लढाई केली नाही, पण त्यांचे डोळे कुठे उघडे होते आणि कुठे झाकलेले, हे फिदाल्गोला कळत होते. तो माणसे घेऊन खानवेलच्या जंगलात सरकला. १ ऑगस्टच्या रात्री स्वयंसेवक शिरले आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. आठवड्याभरानंतर, ११ ऑगस्टला, फिदाल्गोने उधव्याला भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली.

श्रेय कोणाचे, हा वाद तेव्हा सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. संघाच्या लेखनात कम्युनिस्टांचा उल्लेख नाइलाजाने येतो. कम्युनिस्टांच्या लेखनात संघवाले उशिरा पोचलेले पाहुणे असतात. माझी सहानुभूती कोणाकडे आहे, हे वाचकाला कळलेच असेल. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये कम्युनिस्ट शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून जे काम केले होते, त्याची धग सरहद्दीपलीकडे पोचली होती. पोर्तुगीज साहेबाच्या मागे एकही वारली उभा राहिला नाही, हे मुंबई-पुण्याच्या स्वयंसेवकांचे कर्तृत्व नव्हते. ज्या राज्याच्या बाजूने त्याची रयत उभी राहत नाही, ते राज्य आधीच गेलेले असते.

मग प्रश्न आला, आता पुढे काय? नेहरू सरकारने हा प्रदेश लगेच भारतात घेतला नाही. कारण आंतरराष्ट्रीय होते. हात घातला असता तर भारताने लष्करी बळाने शेजाऱ्याचा मुलूख घेतला, असे म्हणायला लिस्बनला तोंड मिळाले असते. तेव्हा मुक्त प्रदेशाने स्वतःचा कारभार स्वतः करावा, असे ठरले. आप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले. गावोगावच्या पंचायती आणि त्यांच्या डोक्यावर वरिष्ठ पंचायत, अशी घडी बसली. भारताने अधिकारी उसने दिले, सल्ला दिला. पण ठराव करायची जागा सिल्वासात होती.

लिस्बन स्वस्थ बसले नव्हते. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला. पाच दिवसांनी त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्तीची अधिकारकक्षा मान्य केली आणि आणखी तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतावर खटला भरला. दावा असा, की दमणहून या गावांपर्यंत आपली माणसे, पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा आपल्याला हक्क आहे आणि भारताने तो अडवला. अवघ्या आठ दिवसांच्या घाईत एखादा देश न्यायमंदिराची पायरी चढतो, तेव्हा तो पूजेला आलेला नसतो.

खटला चालला सव्वाचार वर्षे. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून छगला बसले. मला या खटल्यातले एक दृश्य विशेष आवडते. विसाव्या शतकाच्या मध्यावर, नेदरलँड्समध्ये, झगे घातलेले न्यायाधीश १७७९ च्या तहाचा आणि त्यामागोमागच्या मराठी सनदांचा कीस काढत बसले आहेत. पेशव्यांनी दिले ते गाव सरंजामाने दिले की राज्य म्हणून? पुण्याचा कारकून जे शब्द रोजच्या रोज लिहीत असेल, त्यांवर दोन देशांचे वकील भांडत होते. न्यायालयाने शेवटी नाना फडणविसांची बाजू उचलून धरली, म्हणजे मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते असे म्हटले. पण पुढे इंग्रजांनी आणि त्यांच्यामागून भारताने पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, हेही न्यायालयाने मांडले.

१२ एप्रिल १९६० चा निकाल वाचला तर दोन्ही पक्षांना आपापला विजय सापडतो. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट देण्याची प्रथा होती आणि तेवढा हक्क पोर्तुगालला आहे, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना असा हक्क नाही, हे आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मतांनी ठरले. आणि १९५४ साली भारताने वाट अडवली ते चुकीचे नव्हते, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. म्हणजे वाट होती, पण त्या वाटेने बंदूक येऊ शकत नव्हती आणि बंदुकीवाचून सिल्वासा परत मिळत नव्हते. पोर्तुगालचा खेळ तिथेच आटोपला.

निकालानंतर चौदा महिने गेले. १२ जून १९६१ ला वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. पण करारावर सही करायला दुसऱ्या बाजूला कोणी तरी प्रमुख हवा. मग के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान ठरवण्यात आले आणि त्यांनी जवाहरलाल नेहरूंच्या बरोबरीने सही केली. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. मी तो गांभीर्याने घेतो. सामील होण्याचा निर्णय सिल्वासातून निघाला आणि दिल्लीने तो बरोबरीच्या नात्याने स्वीकारला, असे कागदावर दाखवावेसे तरी त्या वेळी वाटले. घटनेची दहावी दुरुस्ती झाली, ११ ऑगस्टपासून दादरा आणि नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत ती आली आणि अजून आहे.

पण १९६१ च्या कायद्यात एक कलम आहे, तेही वाचले पाहिजे. वरिष्ठ पंचायत ठेवली होती. तिला धोरण आणि विकासाच्या योजनांवर चर्चा करून प्रशासकाला शिफारस करता येईल. तिचे काम सल्ला देण्याचे राहील. सात वर्षे ज्या संस्थेने कारभार चालवला, हेगचा खटला चालू असताना घडी विस्कटू दिली नाही आणि स्वतःच्या ठरावाने प्रदेश भारताला दिला, तिला दिल्लीने निवृत्त मामलेदाराची खुर्ची दिली.

हे अपरिहार्य होते का? मला तसे वाटत नाही. दोनच वर्षांनी, १९६३ साली, संसदेने केंद्रशासित प्रदेशांच्या सरकारांचा कायदा केला. हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, पाँडिचेरी आणि गोवा-दमण-दीव यांना विधानसभा मिळाल्या. दमणच्या माणसाला पणजीच्या विधानसभेत आपला आमदार पाठवता येऊ लागला, दीवच्यालाही. गोव्याने पुढे जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात जायचे की नाही यावर मतदान केले आणि १९८७ ला राज्य झाला. नगर हवेली गोव्यापेक्षा सात वर्षे आधी मोकळी झाली होती, स्वतःच्या हिमतीवर झाली होती. तिला यादीत जागा नव्हती. लोकसंख्या लहान, असे कारण देता येते; १९६१ च्या जनगणनेत ती ५७,९६३ भरली. पण सिक्कीम १९७५ साली दोन-सव्वादोन लाख लोकांनिशी राज्य झाले आणि त्याला बत्तीस आमदारांची विधानसभा मिळाली. नगर हवेलीची लोकसंख्या आता त्याहून जास्त आहे. २०११ ला ती ३,४३,७०९ होती.

आता माझ्या समजाला बसलेली चपराक. पोर्तुगीज काळात नगर हवेलीतल्या जमिनी ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी दिल्या जात. अल्वारा मिळवणारे बहुतेक बाहेरचे. जमीन कसणारे वारली, धोडिया, कोकणा. सात वर्षांच्या स्वराज्यात ही पद्धत मोडली गेली नाही. ती मोडली १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमाने, जो १९७४ पासून अमलात आला. हा विनियम कोणत्याही निवडून आलेल्या सभेने केलेला नाही. घटनेच्या २४० व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी केला, म्हणजे दिल्लीतल्या मंत्रालयाने. गावाजवळची सत्ता शहाणी असते असे मी वर म्हटले खरे, पण गावाजवळच्या सत्तेला गावच्या जमीनदाराशी रोज उठून रामराम करावा लागतो, हेही तितकेच खरे. दूरच्या माणसाला तो करावा लागत नाही. एवढ्यावरून दूरचा माणूस कायमचा धनी व्हावा, असे मात्र ठरत नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यातला कूळकायदाही निवडून आलेल्या सभेनेच केला होता.

नगर हवेलीत लोकसभेची पहिली निवडणूक १९६७ ला झाली. पहिले निवडून आलेले खासदार सांजीभाई देलकर, काँग्रेसचे. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. इथून पुढे एक गोष्ट लक्षात ठेवायची. या प्रदेशातल्या मतदाराला वरच्या पातळीवर एकच मत मिळते. आमदार नाही, मुख्यमंत्री नाही. कारखान्याच्या धुरापासून जमिनीच्या मोजणीपर्यंत सगळे प्रशासकाकडे, आणि प्रशासक दिल्लीने नेमलेला. तेव्हा खासदार हाच आमदार, तोच विरोधी पक्ष आणि तोच तक्रारपेटी. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींमुळे कारखाने आले, त्यांच्याबरोबर बाहेरचे मजूर आले, आणि ज्या प्रदेशात पूर्वी दहातले आठ-नऊजण आदिवासी होते तिथे २०११ पर्यंत ते निम्म्याच्या जरा वर राहिले. हे सारे बदल कोणत्याही निवडून आलेल्या सभेत चर्चा होऊन झाले नाहीत. सगळे ओझे त्या एका खुर्चीवर पडले.

१ ऑगस्ट १९८९ ला वरिष्ठ पंचायत विसर्जित करण्यात आली. सल्ल्यापुरती का होईना, १९५४ ची जी एक संस्था उरली होती ती गेली आणि तिच्या जागी प्रदेश परिषद आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सांजीभाईंचे चिरंजीव मोहन देलकर अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. पुढची तीस वर्षे नगर हवेलीच्या निवडणुका म्हणजे देलकर की देलकरविरोधी, एवढाच प्रश्न. अपक्ष, मग दोनदा काँग्रेस, मग १९९८ ला भाजप, मग पुन्हा अपक्ष, २००४ ला भारतीय नवशक्ती पक्ष. पाटी बदलत गेली, मते तीच. मुंबईच्या वर्तमानपत्रांना हा संधिसाधूपणा वाटे. मला तो परिस्थितीचा हिशेब वाटतो. दिल्लीत ज्याचे सरकार, त्याचा प्रशासक; खासदाराने त्याच्याशी जुळवून घेतले नाही तर लोकांची कामे अडतात आणि फार जुळवून घेतले तर लोक विचारतात, तू कोणाचा? २००९ ला भाजपचे नटुभाई पटेल अवघ्या ६१८ मतांनी देलकरांवर मात करून गेले, २०१४ लाही तेच जिंकले. २०१९ ला देशात मोदींची लाट असताना देलकर पुन्हा अपक्ष उभे राहिले आणि ९,००१ मतांनी निवडून आले. ही त्यांची सातवी खेप.

मधल्या काळात प्रशासकाची खुर्चीही बदलली होती. पूर्वी सनदी अधिकारी येत. २०१६ च्या अखेरीस गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री प्रफुल्ल पटेल प्रशासक झाले. माझ्यासारख्या माणसाला नोकरशाहीचे फार प्रेम नाही, पण सनदी अधिकारी निदान मते मागायच्या बाजूचा नसतो. नेमलेला राजकारणी आणि निवडून आलेला राजकारणी एकाच लहानशा गावात, आणि अधिकार सगळा पहिल्याकडे, ही मांडणी कोणत्याही पक्षाच्या काळात बरी नव्हे. हे मी भाजपचा मतदार म्हणून लिहितो.

२६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. कायदा संसदेत २०१९ च्या डिसेंबरात झाला. कारभाराची दुप्पट यंत्रणा कशाला, हा सरकारचा मुद्दा चुकीचा नाही. खर्च वाचवणे ही तर परंपरावाद्यांची आवडती गोष्ट. पण या वेळी सिल्वासातल्या कोणत्याही सभेने जून १९६१ सारखा ठराव करून पाठवला नाही; तो मागितलाही गेला नाही. २०२० च्याच नोव्हेंबरात जिल्हा पंचायतीची निवडणूक झाली. देलकरांनी संयुक्त जनता दलाची पाटी लावली होती. बिहारच्या पक्षाला नगर हवेलीत वीसपैकी सतरा जागा! हे पाटण्याला मिळालेले मत नव्हते, हे सांगायला नको. दोन वर्षांत त्या सतरापैकी पंधराजण भाजपमध्ये गेले.

२२ फेब्रुवारी २०२१ ला मोहन देलकरांनी मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलात आयुष्य संपवले. चिठ्ठीच्या आधारे मुंबई पोलिसांनी प्रशासकांसह काहीजणांवर गुन्हा नोंदवला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यात मी जात नाही. ३० ऑक्टोबर २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभ्या राहिल्या आणि ५१,२६९ मतांनी जिंकल्या. महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा पहिला खासदार! मुंबईत पेढे वाटले गेले, मराठी माणसाची पताका गुजरातच्या सरहद्दीवर, असे मथळे मनात तरी तयार झाले. अडीच वर्षांनी, २०२४ ला, त्याच कलाबेन भाजपच्या कमळावर उभ्या राहिल्या आणि ५७,५८४ मतांनी जिंकल्या, म्हणजे धनुष्यबाणापेक्षा जास्त फरकाने. २०२१ चा कौल ठाकऱ्यांना होता असे ज्यांनी लिहिले, आणि २०२४ चा कौल विकासाला होता असे ज्यांनी लिहिले, त्या दोघांनीही सिल्वासाचा नकाशा उघडून पाहिलेला नव्हता. लोकांनी दोन्ही वेळा घरच्या माणसाला मत दिले, कारण घरच्या माणसाला मत देण्याची तेवढी एकच जागा त्यांच्याकडे उरली आहे.

विधानसभा द्यावी का? माझे मन त्याला एकदम होकार देत नाही. साडेतीन-चार लाख लोकांवर तीस आमदार, त्यांचे मंत्री, गाड्या, बंगले, आणि घोडेबाजार. सतरापैकी पंधरा कसे गेले ते आपण पाहिलेच. पण अधिकार नसलेल्या सभेत माणसे विकत घ्यावी लागत नाहीत, ती आपोआप निघून जातात, कारण तिथे राहून करायचे काही नसते. तेव्हा आधी जिल्हा पंचायतीला खरा कारभार द्यावा. गावठाणाच्या जमिनी, प्राथमिक शाळा, कारखान्यांत स्थानिकांची भरती, आणि त्यासाठी लागणारा स्वतःचा महसूल एवढे तरी तिच्या हाती असावे, आणि प्रशासकाने तिचा ठराव फिरवायचा असेल तर लेखी कारण द्यावे. हे १९६१ च्या कायद्यातल्या ‘शिफारशी’पेक्षा एक पाऊल पुढे आहे आणि १९५४ च्या वरिष्ठ पंचायतीपेक्षा अजून बरेच मागे. ही मागणी करायला सगळ्यात योग्य पक्ष आज दिल्लीत सत्तेवर असलेलाच आहे, कारण सिल्वासा सोडवायला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांचा वारसा तो सांगतो. त्याने ती करावी.